पत्र्याच्या शेडमधील उघडी वायरिंग

घर बांधताना वायरिंगचा विचार होतो तो खोल्यांपुरता. गाडीचे शेड बहुधा नंतर उभे राहते. अंगणात चार लोखंडी पाइप रोवायचे, वर टिनपत्रे टाकायची आणि ओसरीवरच्या बोर्डातून एक वायर ओढून दिवा लावायचा, एवढ्यावर काम भागते. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अकोट या पट्ट्यात अशा शेडमध्ये नुसती मोटारसायकल उभी राहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भाग कपाशीचा, संत्र्याचा, केळीचा आणि पानमळ्यांचा. त्यामुळे त्याच छपराखाली फवारणीचे पंप, डिझेलची कॅन, दुरुस्तीला आणलेली मोटर, ढेपेची पोती, कुटार आणि भाव वाढेपर्यंत थांबवलेला कापूसही असतो. एका बल्बसाठी ओढलेल्या वायरीवर पुढे पंखा चढतो, मग कुट्टी मशीन, आणि आता विजेच्या स्कूटरचा चार्जर. वायर मात्र तीच राहते.

उघडी वायरिंग म्हणजे नेमके काय

बोलण्यात ‘उघडी वायरिंग’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचा धोका सारखा नाही.

पहिली म्हणजे भिंतीच्या आत न लपवता वरून नेलेली, पण आवरणात असलेली वायरिंग. जुन्या घरांतली लाकडी पट्टीवरची क्लिपांनी बसवलेली दुहेरी आवरणाची वायर, त्यानंतर आलेले केसिंग-कॅपिंग आणि भिंतीवरून नेलेला पीव्हीसी किंवा लोखंडी पाइप हे सारे याच प्रकारात मोडतात. ही पद्धत नियमाला धरून आहे. शेडसाठी ती उलट सोयीची ठरते, कारण कुठे वायर वितळली, कुठे उंदराने कुरतडली, हे डोळ्यांना दिसते.

दुसरी म्हणजे पाइपाविना, पट्टीविना, खिळ्यांना बांधून किंवा अँगलवरून लोंबकळत नेलेली सुटी वायर. बाजारात लाल, काळ्या, हिरव्या रंगात गुंडाळीने मिळणारी एकेरी वायर ‘आयएस ६९४’ या भारतीय मानकाप्रमाणे बनते. तिच्यावर पीव्हीसीचा एकच थर असतो. हा थर वीज अडवण्यासाठी असतो, घासणे, ओढणे, ऊन किंवा दात सहन करण्यासाठी नव्हे. ही वायर पाइपात किंवा केसिंगमध्येच टाकायची असते. शेडमधल्या अनेक अपघातांची सुरुवात तिला उघड्यावर वापरण्यातून होते.

तिसरी म्हणजे ज्यातून तांबे किंवा अॅल्युमिनियम दिसू लागले आहे अशी वायर. टेप सुटलेला जॉइंट, झाकण नसलेला बोर्ड, फुटलेला होल्डर, पिनेऐवजी सॉकेटमध्ये खोचलेली वायरीची टोके ही त्याची नेहमीची रूपे. इथे दुरुस्ती पुढे ढकलायला जागा नाही. मेन स्विच बंद करून ती वायर त्याच दिवशी काढली पाहिजे.

शरीरातून जाणारा प्रवाह

घरगुती पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. धक्क्याची तीव्रता ठरते ती शरीरातून किती प्रवाह गेला आणि किती वेळ गेला यावर. साधारण १ मिलीअँपिअरला मुंग्या आल्यासारखे जाणवते. १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वायर सोडता येत नाही. ३० मिलीअँपिअरच्या पुढे श्वास अडखळतो, आणि ५० ते १०० मिलीअँपिअर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो.

ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला १,००० ने भागले तर २३० मिलीअँपिअर येतात, म्हणजे जीवघेण्या मर्यादेच्या दुप्पटीहून जास्त. गाडी धुताना अनवाणी उभा असलेला माणूस, पावसात भिजून आलेले आणि टेकूच्या पाइपाला हात लावणारे मूल, मातीच्या ओल्या जमिनीवर उभे असलेले जनावर यांची स्थिती हीच असते. खोलीतल्या कोरड्या फरशीवर, पायांत चप्पल असताना बसलेला सौम्य झटका शेडमध्ये सौम्य राहत नाही.

ऊन, पत्रा, उंदीर

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही. तापलेल्या टिनाला लागून असलेली हवा त्याहून गरम असते. पीव्हीसी वायरीतील तार ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापणे चालते. त्यापुढे आवरण मऊ होते, मग कडक होऊन तडकते. वायरीची प्रवाह वाहण्याची क्षमता ३० अंशांच्या परिसर-तापमानाला धरून मोजली असेल, तर ४० अंशांना ती सुमारे ८७ टक्के आणि ५० अंशांना ७१ टक्के उरते. थंड खोलीत २० अँपिअर निभावणारी वायर पत्र्याखालच्या ५० अंशांत १४ अँपिअरपर्यंतच सुरक्षित असते. त्यामुळे थंडीत ठीक चाललेले कुट्टी मशीन उन्हाळ्यात त्याच वायरीला भाजून काढते.

पत्र्याचा दुसरा दोष त्याच्या काठात आहे. वायर आत घेण्यासाठी टिनाला भोक पाडले जाते आणि त्या भोकाची कडा पात्यासारखी धारदार राहते. वाऱ्याने पत्रा हलतो, वायर थोडी थोडी घासत जाते आणि एक दिवस लाल वायरीतील तांबे टिनाला टेकते. त्या क्षणी छप्पर, अँगल, पाइप, पाइपाला लावलेले फाटक असे सगळे लोखंड विजेच्या संपर्कात येते. शेडपासून न्हाणीपर्यंत कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधलेली असेल तर वीज तिच्यातूनही पुढे जाते. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना महाराष्ट्राच्या खेड्यांत जे मृत्यू होतात, त्यांमागे अनेकदा हीच साखळी असते. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरली की तिचा एक दुवा आपोआप तुटतो.

उंदीर आणि खार यांचे दात सतत वाढतात आणि कुरतडल्याशिवाय त्यांना चालत नाही. ढेप, सरकी आणि कुटार असलेल्या शेडमध्ये त्यांची वस्ती ठरलेलीच. कुरतडलेल्या दोन वायरी जवळ आल्या की ठिणगी पडते, आणि खाली कापूस असेल तर एक ठिणगी पुरते. कापसाची आग गंजीच्या आत धुमसत राहते. वरून विझलेली दिसली तरी काही तासांनी पुन्हा पेट घेते.

इंधनाचे गणित वेगळे आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी तयार होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. बटण दाबताना किंवा पिन ओढताना होणारी बारीक ठिणगी वर असेल तर सहसा काही होत नाही, पण तेच सॉकेट फरशीलगत असेल तर ती वाफेच्या थरात पडते. अमेरिकेतील गॅरेजांमध्ये ठिणगी किंवा ज्योत निर्माण करणारी उपकरणे जमिनीपासून किमान १८ इंच वर बसवावी असा नियम याच कारणाने झाला. सॉकेट छातीच्या उंचीवर बसवले की ही अट सहज पाळली जाते आणि मुलांचे हातही तिथवर पोहोचत नाहीत.

काळी माती आणि अर्थिंग

अर्थिंगचे काम दोन भागांचे असते. लोखंडी भागात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला सोपी वाट द्यायची, आणि त्या वाटेने एवढा मोठा प्रवाह जाऊ द्यायचा की फ्यूज उडावा किंवा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप तुटणारा स्विच, पडावी. दुसरा भाग साधला नाही तर पहिला अपुरा ठरतो.

काळी कपाशीची माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, भेगा पडतात आणि गाडलेल्या पाइपापासून सुटते. ऑगस्टमध्ये उत्तम असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरते. ‘आयएस ३०४३’ या अर्थिंगच्या भारतीय संहितेप्रमाणे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किमान अडीच मीटर लांबीचा असावा. वरचा भेगाळणारा थर ओलांडून कायम ओलाव्याच्या मातीपर्यंत पोहोचायचे असल्याने वऱ्हाडात ही खोली फार महत्त्वाची ठरते. हातभर सळई ठोकून तिला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरतात ते ओलावा टिकावा म्हणून. त्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा पाणी घालावे लागते.

अर्थिंग तपासण्याची गावातली रीत म्हणजे फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहणे. बल्ब लागला की अर्थिंग ‘पक्के’ समजले जाते. हिशेब वेगळेच सांगतो. अशा बल्बचा तापलेला रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी बल्ब जवळजवळ तितकाच उजळतो. प्रत्यक्ष बिघाडात मात्र २३० भागिले ५०, म्हणजे अवघे ४.६ अँपिअर जमिनीत जातील. एवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी कधीच पडणार नाही आणि सगळे शेड विजेने भारलेले राहील. अर्थिंग मोजायचे ते अर्थ टेस्टरने, आणि तेही उन्हाळ्याच्या शेवटी.

याहून घातक सवय म्हणजे न्यूट्रल मिळाली नाही की फेजची एक वायर आणि अर्थिंग यांवर बल्ब किंवा मोटर चालवणे. यात अर्थिंगच्या तारेतून सतत प्रवाह वाहतो, पाइपाभोवतीची जमीन आणि अर्थिंगला जोडलेली प्रत्येक वस्तू धोक्याची बनते. जवळून जाणारी जनावरे प्रथम बळी पडतात, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि तेवढ्या अंतरात जमिनीतील व्होल्टेज बदललेले असते.

एमसीबी काय करते, आरसीसीबी काय करते

किटकॅट फ्यूज आणि एमसीबी ही दोन्ही वायरीची राखण करतात. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पुरवठा तोडतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याचे जाड केस बांधले की ही राखण संपते. मग सगळ्यांत कमकुवत भाग फ्यूज न राहता भिंतीवरची वायर बनते. एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीशी जुळला पाहिजे, उपकरणाच्या भुकेशी नव्हे. ती पडते म्हणून १६ च्या जागी ३२ ची बसवणे हा फ्यूजमध्ये जाड तार बांधण्याचाच नवा प्रकार आहे.

माणसाची राखण करणारे साधन वेगळे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे आरसीसीबी सतत पाहते. फरक पडला म्हणजे कुठेतरी वीज जमिनीत किंवा शरीरात उतरते आहे. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरची असते. तेवढ्या गळतीला ती जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात पुरवठा तोडते. आधीच्या उदाहरणातील ४.६ अँपिअरकडे एमसीबीने दुर्लक्ष केले. आरसीसीबीच्या दृष्टीने ती गळती मर्यादेच्या दीडशे पट आहे. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत म्हणूनच आरसीसीबी अत्यावश्यक ठरते.

या साधनाची घरगुती परंपरा फार जुनी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझिएल यांनी माणूस किती प्रवाहापर्यंत वायर सोडू शकतो याचे प्रयोग केले आणि १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारे साधन तयार केले. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७८ मध्ये घरगुती गॅरेजच्या सॉकेटांना असे संरक्षण सक्तीचे केले. ओली फरशी, हाताळायची अवजारे आणि सुट्या वायरी एकत्र येणाऱ्या जागा संहितेने आधी हेरल्या, आणि गॅरेज त्यांपैकी एक होते.

आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली आणि पाय कोरड्या लाकडावर असले तर जमिनीत काहीच जात नाही, म्हणून ती पडत नाही. जास्त भाराने तापणारी वायरही तिला कळत नाही. एमसीबी आणि आरसीसीबी ही एकमेकांची जागा घेत नाहीत, दोन्ही लागतात.

शेडची वायरिंग कशी असावी

शेडसाठी घराच्या मुख्य बोर्डातून स्वतंत्र सर्किट काढावे आणि त्याला स्वतःची एमसीबी व ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी द्यावी. दिव्यासाठी १.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. कुट्टी मशीनसारखी मोटर असेल आणि घरापासून अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटर. फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी, हे रंग शेवटपर्यंत तेच ठेवावेत.

घर आणि शेड यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून घरगुती एकेरी वायर नेऊ नये. जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल, वरून न्यायची तर दुहेरी आवरणाची केबल आणि तिचे वजन पेलायला वेगळी तार हवी. शेडच्या आत पाइप पत्र्याला न बांधता लाकडी किंवा सिमेंटच्या पट्टीवर बसवावा. टिनातून वायर जाते तिथे रबरी वायसर आणि पाइपाचा तुकडा दोन्ही असावेत. गाडीचा धक्का, शिडी, फावडे लागू शकेल अशा उंचीवर लोखंडी पाइप वापरणे योग्य, आणि त्याला अर्थिंग जोडणे आवश्यक. शेडचा सांगाडाही अर्थिंगला जोडावा.

मधे जॉइंट नसावा. असलाच तर तो झाकणाच्या डब्यात, कनेक्टरने केलेला असावा. पिळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट उन्हाळ्यात सुटतो, कारण गरमीने टेपचा डिंक पातळ होतो. तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट पिळू नयेत. त्यांच्यात ओलाव्याने गंज धरतो आणि जोड तापू लागतो. दिव्याला जाळीचे किंवा बंद काचेचे आवरण असावे आणि बटणाने फेजच तोडली जावी. न्यूट्रल तोडली तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते.

चार्जिंगची नवी जबाबदारी

विजेची स्कूटर, ई-रिक्षा आणि बॅटरीवरचे फवारणी पंप यांनी शेडच्या वायरिंगवर तासन्‌तास चालणारा भार आणला. स्कूटरचा चार्जर ४ अँपिअरच्या आसपास घेतो. आकडा लहान, पण तो रात्रभर आणि रोज. ढिल्या पिनेमुळे संपर्काच्या जागी १ ओहम रोध आला तरी तिथे १६ वॅट उष्णता बोटाएवढ्या जागेत साचत राहते. प्रवाह वाढलेला नसतो, गळती नसते, म्हणून एमसीबीही पडत नाही आणि आरसीसीबीही नाही. सॉकेट पिवळे पडणे, पिन हाताला गरम लागणे, जळका वास येणे एवढीच सूचना मिळते.

म्हणून चार्जरसाठी भिंतीत पक्के बसवलेले १६ अँपिअरचे सॉकेट हवे; लांबवलेला एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि गुंडाळी न सोडलेला तर मुळीच नको, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. ई-रिक्षा आणि ट्रॅक्टरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. हा वायू हलका असल्याने छपराखाली साचतो. पत्र्याच्या वरच्या बाजूला हवा खेळती हवी आणि चिमटे लावता-काढताना चार्जर बंद हवा. चार्जिंगची जागा कापूस, कुटार आणि इंधनापासून दूर असावी.

तपासणी

महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबून ती पडते का ते पाहावे. पडली नाही तर ती बदलावी. पावसाळ्यापूर्वी मेन स्विच बंद करून वायरीची पूर्ण लांबी डोळ्यांखालून घालावी: पत्र्याच्या भोकाशी, अँगलच्या वळणावर, ढेपेच्या पोत्यांमागे आणि मीटरकडून येणाऱ्या सर्व्हिस वायरीच्या टोकाशी. टिनाला पेनाच्या आकाराचा टेस्टर लावून तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे धरू नये. उजेडात निऑनचा क्षीण प्रकाश दिसत नाही, आणि जाड रबरी बुटांत तो पुरेसा पेटतही नाही. मल्टिमीटरने केलेले मोजमाप अधिक भरवशाचे.

धक्का बसल्यास आणि आग लागल्यास

चिकटलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करावी. ओली काठी किंवा हिरवी फांदी चालत नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. धक्का बसून सावध झालेल्या माणसालाही दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाची अनियमितता नंतर दिसू शकते आणि आतील भाजणे वरून कळत नाही. आगीवर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी टाकू नये. शेडमध्ये कोरड्या पावडरचे एबीसी प्रकारचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ टांगलेले असावे.

जबाबदारी कोणाची

खांबापासून मीटरपर्यंतची वाहिनी महावितरणची, मीटरच्या पुढची सर्व वायरिंग ग्राहकाची. सर्व्हिस वायर पत्र्यावर टेकली असेल तर ती स्वतः उचलू नये. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून लाइनमनला बोलवावे. आकडा टाकून घेतलेला शेडचा दिवा ही विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी ठरते, आणि त्या वायरीवर मीटरपाशी असलेले कोणतेही संरक्षण लागू होत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे नवी वायरिंग किंवा वाढीव जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायची असते. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेला कारागीर वायर नीट बसवू शकतो. अर्थिंग मोजणे आणि चाचणी अहवालावर सही करणे हे परवान्याचे काम आहे. वाढीव भार महावितरणकडे नोंदवला की मीटर आणि सर्व्हिस वायर त्या भाराला पुरेशी आहे की नाही हेही तपासले जाते. विजेच्या अपघातात माणूस किंवा जनावर दगावले तर त्याच अधिनियमाच्या कलम १६१ खाली त्याची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. दोष मीटरच्या अलीकडे होता की पलीकडे यावर भरपाईचा प्रश्न बराचसा ठरतो, आणि शेडमधील दोष जवळजवळ नेहमी मीटरच्या पलीकडे, म्हणजे घरमालकाच्या बाजूला असतो.